‘फायर अँड वॉटर’ ते ‘फिलमोर ईस्ट’: जुने ब्लूज-रॉक अल्बम कसे ऐकावेत

इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागून तुम्हाला वर्ष होत आले आहे आणि तुमच्या ऐकण्यात बहुतेक अलीकडचे मेटल असते. शिक्षकांच्या सांगण्यावरून तुम्ही १९६६ ते १९७४ या काळातले ब्लूज-रॉक आणि हार्ड रॉकचे काही गाजलेले अल्बम हेडफोनवर ऐकले. ते तुम्हाला पातळ वाटले, गिटार हवी तितकी जड वाटली नाही, आणि एका कानात गिटार तर दुसऱ्या कानात ड्रम्स हा प्रकार खटकला. तरीही जाणकार याच अल्बमांना मापदंड का मानतात, ते कोणत्या क्रमाने आणि कसे ऐकावेत, आणि त्यांतले गिटारवर आधी काय बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. मी गिटार वाजवतो व शिकवतो आणि माझे पोट ध्वनिमुद्रणाच्या कामावर चालते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंशी माझा रोजचा संबंध आहे. हे अल्बम मला अतिशय प्रिय आहेत हेही आधीच सांगतो.

पातळपणाचे कारण मोठ्या प्रमाणात तांत्रिक आहे. १९९० च्या दशकापासून मास्टरिंग, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा तांत्रिक हात, करताना हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी करून सगळेच वर खेचण्याची पद्धत रुळली. त्यामुळे आजचे गाणे सुरू होताच कानावर आदळते, आणि त्याच्या पाठोपाठ १९७० चे गाणे लावले की ते मागे गेल्यासारखे वाटते. जुन्या मुद्रणात हळू आवाज हळूच ठेवलेला असतो, म्हणून आवाजाची पातळी हाताने वाढवावी लागते. ती वाढवली की ड्रमवरचा फटका आणि त्याच्या आधीची शांतता यांतले अंतर ऐकू येऊ लागते, आणि या संगीताचा जोर त्या अंतरात आहे. गिटार एका बाजूला आणि ड्रम्स दुसऱ्या बाजूला असण्याचे कारणही साधे आहे. त्या काळच्या अनेक मिक्सिंग कन्सोलवर आवाज डावीकडे, उजवीकडे किंवा मध्यभागी, एवढ्या तीनच जागी ठेवण्याची सोय असे. स्पीकरवर हे खटकत नाही, कारण खोलीत दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. तेव्हा निदान पहिल्या खेपेस हे अल्बम हेडफोन काढून, दोन साध्या स्पीकरांवर, शेजाऱ्यांना चालेल इतक्या मोठ्या आवाजात ऐकावेत.

आता गिटारच्या जडपणाकडे वळतो. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणे, जितके अधिक तितकी गिटार जड, अशी तुमची धारणा दिसते आणि शिकाऊ वादकांमध्ये ती सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात डिस्टॉर्शन एका मर्यादेपलीकडे गेले की हळू छेडलेला सूर आणि जोरात मारलेला सूर सारख्याच उंचीचे होतात आणि उजव्या हाताने केलेले काम ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. कॉर्डमधला गांधारही त्या गर्दीत गढूळ होतो. म्हणून जास्त डिस्टॉर्शनवर वाजवणारे वादक गांधार वगळून फक्त षड्ज-पंचमाच्या जोड्या वाजवतात. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र त्याच्या ताकदीच्या टोकावर चालवला, तर बोटाच्या दाबानुसार त्याचा आवाज बदलतो. हलके छेडले तर स्वच्छ सूर येतो, जोर दिला तर तोच सूर फाटतो आणि लांबतो. या काळातल्या वादकांचे सारे कौशल्य त्या सीमारेषेवर उभे आहे.

ही सीमारेषा ध्वनिमुद्रणात ठळकपणे आणणारा अल्बम म्हणजे जॉन मेयॉलचा ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’. तो लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधील डेक्काच्या स्टुडिओत मुद्रित झाला आणि १९६६ च्या जुलैमध्ये बाजारात आला. मुखपृष्ठावर क्लॅप्टन ‘बीनो’ हे मुलांचे चित्रसाप्ताहिक वाचताना दिसतो, म्हणून चाहते त्याला ‘बीनो अल्बम’ म्हणतात. त्या वेळी स्टुडिओत गिटारवादकाने आवाज कमी ठेवायचा आणि माइक ॲम्पला जवळजवळ चिकटवायचा, असा शिरस्ता होता. क्लॅप्टनने लेस पॉल गिटार दोन स्पीकरांच्या मार्शल ॲम्पला जोडली, रंगमंचावर ठेवतो तितकाच आवाज ठेवला आणि माइक दूर ठेवायला लावला. तरुण ध्वनिमुद्रक गस डजन यांच्या दृष्टीने हे सगळे नियमाविरुद्ध होते. पण फ्रेडी किंगच्या ‘हाइडअवे’ या वाद्यरचनेत आणि ओटिस रशच्या ‘ऑल युअर लव्ह’मध्ये गिटारचा जो जाड, गाणारा आवाज ऐकू येतो तो त्या हट्टामुळे मिळाला आहे. तो ॲम्प पुढे ‘ब्लूजब्रेकर’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. ‘ऑल युअर लव्ह’मध्ये लय अचानक बदलते ती जागा लक्ष देऊन ऐका. गिटार थांबते, श्वास घेते, आणि मग पहिल्याच सुराला इतके लांबवते की पुढचा सूर कधी येणार याची वाट पाहावी लागते.

ब्लूजच्या भाषेत या वाट पाहण्याला मोठे स्थान आहे. तिचा पाया बहुतेक वेळा बारा मापांचे आवर्तन असतो. त्यात चार मापे षड्जावर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन षड्जावर. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच दुसऱ्यांदा म्हणतो, मग तिचे उत्तर देणारी तिसरी ओळ म्हणतो, आणि प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार बोलते. आवर्तनाची आणि समेची सवय असलेल्या आपल्या कानाला हे लवकर उमगते, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. तार खेचून सूर चढवणे हे मींडेच्या जवळचे काम आहे, आणि ब्लूजचा खास गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध, कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे झुकत राहतो. ज्याने थोडे तरी शास्त्रीय गाणे ऐकले आहे, त्याला तो सूर चुकलेला वाटत नाही.

म्हणून इंग्रज वादकांच्या आधी दोन अमेरिकी अल्बम ऐकणे मी अनिवार्य मानतो. पहिला बी. बी. किंगचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’, जो नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये मुद्रित झाला. बी. बी. गाताना गिटार वाजवत नसत. आवाज थांबला की गिटार उत्तर देई, आणि श्रोते दोघांनाही दाद देत. ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’मध्ये श्रोत्यांचा आरडाओरडा जसा चढत जातो, त्यावरून त्या सभागृहात काय चालले असेल याची पूर्ण कल्पना येते. दुसरा अल्बर्ट किंगचा ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा, १९६७ चा. अल्बर्ट डावखुरे होते आणि उजव्या हाताच्या वादकासाठी लावलेली गिटार तशीच उलटी धरत. पातळ तारा त्यांच्याकडे वरच्या बाजूला येत, त्यामुळे इतर वादक तार वर ढकलतात तेथे ते ती खाली ओढत. खाली ओढताना हातात अधिक बळ असते आणि सूर अधिक लांब जातो. क्लॅप्टनच्या क्रीम या पुढच्या बँडच्या ‘स्ट्रेंज ब्रू’मधला त्याचा एकल भाग अल्बर्ट किंगच्या वादनातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. क्रीमने ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हे गाणेही १९६८ च्या ‘व्हील्स ऑफ फायर’मध्ये केले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. मूळ गाण्यात स्टॅक्सच्या बुकर टी. आणि त्यांच्या साथीदारांनी ताल किती हलक्या हाताने धरला आहे हे तेव्हा जाणवते.

याच ठिकाणी ऋणाचा मुद्दा येतो, आणि चाहता म्हणून तो टाळणे मला योग्य वाटत नाही. ब्रिटिश हार्ड रॉकचे भांडवल मिसिसिपी आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी निर्माण केले होते. त्यांच्या नावाचा उल्लेख कधी झाला, कधी झाला नाही. लेड झेपलिन या इंग्रज बँडच्या पहिल्या अल्बमवर शिकागोचा ब्लूज गीतकार विली डिक्सन याच्या दोन गाण्यांना त्याचे श्रेय दिलेले आहे, पण दुसऱ्या अल्बमवरच्या ‘होल लॉटा लव्ह’ला ते मूळ मुद्रणात नव्हते. ते गाणे डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’शी उघडपणे संबंधित आहे. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. मला झेपलिन मनापासून आवडतात. त्यामुळे तर मूळ गाणे ऐकल्याशिवाय त्यांचे गाणे पूर्ण ऐकले असे मी मानत नाही. जुन्या पिढीतल्या ब्लूज कलावंतांना आपल्याकडे प्रत्यक्ष ऐकण्याची संधीही अगदी दुर्मीळ नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय वाजवून गेले आहेत, आणि मडी वॉटर्सच्या साथीला वाजवलेला तो माणूस आहे.

आता ज्या अल्बमापासून तुम्ही सुरुवात करावी असे मला वाटते त्याकडे येतो. तो म्हणजे फ्री या चौघांच्या ताफ्याचा ‘फायर अँड वॉटर’, जून १९७०. सात गाणी आणि जेमतेम पस्तीस मिनिटे. गायक पॉल रॉजर्स, गिटारवर पॉल कॉसॉफ, बेसवर अँडी फ्रेझर, ड्रम्सवर सायमन कर्क. अल्बम आला तेव्हा चौघांपैकी एकालाही एकविसावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते आणि फ्रेझरला तर अठरावेही नाही. या वयातली मुले सहसा जे येते ते सगळे एकाच गाण्यात वाजवून मोकळी होतात. या चौघांनी नेमके उलट केले, आणि इतक्या लहान वयात हा संयम कुठून आला याचे मला अजूनही नवल वाटते.

‘ऑल राइट नाऊ’ हे गाणे तुम्ही नक्कीच ऐकले असेल, पण त्याच्या कडव्यांत बेस गिटार वाजतच नाही हे बहुधा लक्षात आले नसेल. कडव्यात फक्त ड्रम्स, गिटारच्या तुटक कॉर्ड आणि रॉजर्सचा आवाज आहे. कॉसॉफ एक कॉर्ड मारतो, ती तोडतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत कर्कचा ताल एकटाच चालत राहतो. ध्रुवपद येते तेव्हा फ्रेझरचा बेस आत शिरतो आणि गाण्याखाली एकाएकी जमीन आल्यासारखी वाटते. गिटारचा आवाज तेथे वाढवलेला नाही, डिस्टॉर्शन तेवढेच आहे. आधी बेस नव्हता, म्हणून तो आल्यावर जडपणा जाणवतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात मी हा प्रसंग कितीतरी वेळा तरुण बँडांना ऐकवला आहे. ‘ध्रुवपद अजून मोठे वाटले पाहिजे’ अशी मागणी आली की बहुतेक जण तेथे आणखी दोन गिटार चढवू पाहतात. कडव्यातून काय काढता येईल याचा विचार सहसा कोणी करत नाही.

त्याच गाण्यातला कॉसॉफचा एकल भाग ऐकताना सुरांची संख्या विसरा आणि प्रत्येक सुराच्या शेपटीकडे लक्ष द्या. तो तार खेचून सूर गाठतो आणि मग डाव्या मनगटाने त्याला हलवत राहतो. ते आंदोलन रुंद आहे, वेगवान आहे आणि सूर विझेपर्यंत टिकते. ‘मिस्टर बिग’मध्ये तर भूमिकाच बदलतात. गिटार कॉर्ड धरून मागे राहते आणि बेस पुढे येऊन गातो. सूर लावून मग काही क्षण काहीही न करणे हे फ्रेझरचे वैशिष्ट्य होते. कॉसॉफ १९७६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. त्याची कीर्ती जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही असे मला ठामपणे वाटते.

लेड झेपलिनबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी एकाच गाण्यावर थांबतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या, मुखपृष्ठावर ना नाव ना शीर्षक अशा त्यांच्या चौथ्या अल्बमवरचे शेवटचे गाणे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मूळ गाणे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या दांपत्याने १९२९ मध्ये मुद्रित केले होते आणि त्याला १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुराची पार्श्वभूमी आहे. येथे श्रेयात मेम्फिस मिनीचे नाव आहे. झेपलिनने हे गाणे हँपशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ बाहेर उभा करून मुद्रित केले. जॉन बॉनमचे ड्रम्स तळमजल्यावरच्या उंच प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी प्रत्येक ड्रमपाशी माइक लावण्याचे टाळले आणि जिन्यावरच्या कठड्यावरून दोन रिबन माइक खाली सोडले. तो आवाज त्यांनी बिन्सन कंपनीच्या एको यंत्रातून नेला आणि कंप्रेसरने भरपूर दाबला. कंप्रेसर फटक्याचा कळस खाली आणतो आणि त्यामागून येणारा खोलीचा घुमारा वर उचलतो, म्हणून ड्रमइतकीच ती इमारत ऐकू येते. मुद्रणानंतर गाणे थोडे संथही केले आहे, त्यामुळे सगळ्याच आवाजांना एक अनैसर्गिक वजन आले आहे. पहिले दोन फटके ऐका आणि त्यांच्या मागचा घुमारा कुठपर्यंत जातो ते पाहा. बॉनम येथे काहीही कठीण वाजवत नाही. तो एक साधा ठेका सात मिनिटे त्याच जागी धरून ठेवतो, ठेक्यात किंचित मागे टेकून, आणि प्रत्येक फटक्याला संपायला पुरेसा वेळ देतो.

झेपलिनचा मुंबईशी एक धागा आहे, आणि तो चाहत्यांना माहीत असावा. गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईतल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली होती. ती अनेक वर्षे अधिकृतपणे उपलब्ध नव्हती. २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमाच्या विस्तारित आवृत्तीत ती आली. ‘फोर स्टिक्स’ची लय मुळातच अवघड आहे, आणि मुंबईच्या वादकांनी तिला दिलेले वळण मूळ मुद्रणाशेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहे.

ब्लॅक सॅबथ आणि डीप पर्पल यांच्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण मेटल ऐकणाऱ्याला त्यांच्यापर्यंतचा रस्ता सापडतोच. सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात मुद्रित झाला. टोनी आयोमी डावखुरे असल्यामुळे त्यांचा उजवा हात गिटारच्या पट्टीवर असतो, आणि त्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात अपघातात तुटली. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे बनवली, हलक्या तारा वापरल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पर्यंत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. आज मेटलमध्ये सर्रास ऐकू येणारा उतरवलेल्या तारांचा जडपणा या मार्गाने आला. पर्पलच्या १९७२ च्या ‘मशीन हेड’मध्ये जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्पमधून नेल्यामुळे कुठे गिटार संपते आणि कुठे ऑर्गन सुरू होतो हे कळत नाही. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियो येथे मुद्रित झालेला ‘मेड इन जपान’ मला त्याहून सरस वाटतो. बरीचशी गाणी तीच असली तरी तेथे पाचही जण एकमेकांना ऐकून वाजवत आहेत आणि इयन गिलनचा आवाज ऐन भरात आहे.

एकमेकांना ऐकून वाजवणे म्हणजे काय, याचे सर्वोच्च उदाहरण मात्र ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हेच. ऑलमन ब्रदर्स बँडचे हे मुद्रण १२ आणि १३ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात झाले, निर्माते टॉम डाउड. दोन मुख्य गिटारवादक, ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स, आणि दोन ड्रमर, बुच ट्रक्स आणि जेमो. सहा माणसे एका वेळी वाजवत असूनही मुद्रणात गर्दी नाही. पहिले गाणे ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ब्लाइंड विली मॅकटेलचे, १९२८ सालचे. त्यात ड्युएनची स्लाइड ऐका. सर्दीवरच्या कोरिसिडिन या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो ती तारांवर फिरवी. स्लाइडला पडद्यांचा आधार नसतो, सूर कानानेच शोधावा लागतो, आणि ड्युएन सुराच्या किंचित खालून येऊन नेमका त्यावर थांबतो.

‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही बेट्सची रचना. दोन्ही गिटार एकच धून दोन वेगळ्या सुरांवरून म्हणतात आणि मग एकेकाला मोकळा वेळ मिळतो. ड्युएन आणि जेमो यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझचे मोठे वेड होते. दर चार मापांनी कॉर्ड बदलण्याऐवजी एकाच स्वरसमूहावर दीर्घ काळ राहून विस्तार करण्याची रीत त्यांनी तेथून घेतली, आणि ती आपल्या बढतीच्या इतकी जवळची आहे की मी शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्या मित्रांना रॉकमधले पहिले गाणे म्हणून नेहमी हेच सुचवतो. ‘व्हिपिंग पोस्ट’ तेवीस मिनिटांचे आहे. ड्युएन श्रोत्यांना सांगतो की याची सुरुवात बेरी करणार, आणि बेरी ओकलीचा बेस एकटा सुरू होतो. ती आकृती अकरा मात्रांची आहे. तीन, तीन, तीन आणि दोन असे टाळीवर मोजून पाहा. शेवटी एक मात्रा कमी पडल्यामुळे प्रत्येक आवर्तन पुढच्याला ढकलते, आणि कडवे बाराच्या चालीवर स्थिरावते तेव्हा ती ओढ सुटते. मधोमध एक अवधी असा येतो की सगळे जवळजवळ थांबतात, ताल नाहीसा होतो, दोन-तीन सूर नुसते हवेत असतात, आणि सभागृहात श्रोतेही स्तब्ध आहेत. तुम्ही ज्या मेटलच्या सवयीने हे ऐकायला जाल, तिला ही जागा प्रथम रिकामी वाटेल. तेथून पुढे पळू नका. ड्युएन त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात गेला, वय २४.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, ड्युएनने मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत क्लॅप्टनबरोबर ‘लेला’ हा अल्बम केला. त्यातले ‘की टू द हायवे’ सुरू होत नाही, दुरून जवळ येत ऐकू येऊ लागते. याचे कारण असे की वादकांनी ठरवल्याशिवाय ते वाजवायला घेतले होते आणि डाउड यांनी टेप चालू करायला सांगेपर्यंत गाणे पुढे गेले होते. आज कोणीही ‘पुन्हा सुरुवातीपासून घेऊ’ म्हणाले असते. त्यांनी ते तसेच ठेवले, आणि त्या नऊ मिनिटांत दोन मोठे गिटारवादक एकमेकांच्या वाक्याला खो न घालता बोलतात.

रंगमंचावरील मुद्रणांमध्ये आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही: आयरिश गिटारवादक रोरी गॅलेघरचा ‘आयरिश टूर ’७४’. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथे तो मुद्रित झाला. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारामुळे त्या काळात बहुतेक बँड बेलफास्टला जायचे टाळत. रोरी जात राहिले. त्यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा रंग जवळजवळ उडून गेला होता, आणि गिटारचा आवाजही तसाच, कसलाही लेप नसलेला आहे. ‘अ मिलियन माइल्स अवे’मध्ये ते गिटारचा आवाज इतका खाली आणतात की पिकचा तारेवरचा स्पर्श ऐकू येतो आणि मग त्याच आवाजाला हाताने वर चढवतात. गिटारवरची व्हॉल्यूमची कळ हे वाद्याचेच अंग आहे, हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

क्रम विचारला आहात तर मी असा सुचवेन. आधी ‘फायर अँड वॉटर’, एका बैठकीत, मधे काही न लावता. मग ‘लाइव्ह ॲट द रीगल’ आणि अल्बर्ट किंग, म्हणजे भाषा कुठून आली ते कळेल. त्यानंतर ‘बीनो’, मग झेपलिनचे पहिला आणि चौथा, आणि या सगळ्यांनी कान तयार झाल्यावर ‘फिलमोर ईस्ट’. रोरी त्यानंतर कधीही. डिस्टॉर्शनविषयीचा तुमचा मुद्दा एवढे ऐकूनही सुटला नाही, तर १९८० चा एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ लावा आणि माल्कम यंगची ताल धरणारी गिटार तेवढी ऐका. जगातल्या सर्वांत जड वाटणाऱ्या अल्बमांपैकी एक असूनही त्या गिटारवर डिस्टॉर्शन आश्चर्य वाटावे इतके कमी आहे आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ओळखता येतो.

बसवण्याच्या बाबतीत ‘ऑल राइट नाऊ’च्या कडव्यापासून सुरुवात करा, एकल भागापासून नाही. मेट्रोनोम मापाच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडेल असा लावा, कॉर्ड मारा आणि ती नेमकी कधी तोडायची यावर सगळे लक्ष ठेवा. डाव्या हाताची पकड सैल करून तारा उजव्या तळहाताने शांत करायच्या असतात, आणि ही शांतता तालात यायला कॉर्ड मारण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. ते बसले की ‘की टू द हायवे’ घ्या. त्याचे आवर्तन बाराऐवजी आठ मापांचे आहे, त्यामुळे विचार करायला वेळ कमी मिळतो आणि वाक्य लहान ठेवावे लागते. आधी ओळ तोंडाने गा, मग गिटारने तेवढ्याच लांबीचे उत्तर द्या. कॉसॉफसारखे आंदोलन बोटाच्या टोकाने येत नाही, तेथे मनगट आणि कोपराखालचा हात एकत्र फिरवावा लागतो. एक सूर पूर्ण विझेपर्यंत हलवत ठेवण्याचा सराव रोज थोडा करा, हात दुखू लागला की थांबा. यासाठी मोठा ॲम्प घेण्याची घाई करू नका. ‘लेला’साठी क्लॅप्टन आणि ड्युएन यांनी फेंडरचे चॅम्प हे सर्वांत लहान ॲम्प वापरले होते. घरातल्या खोलीत पाच वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्पही पुरून उरतो, आणि तुमच्याकडे आज जो कोणता ॲम्प असेल त्यावरही डिस्टॉर्शन ठरवणारी गेनची कळ अर्ध्याच्या खाली आणून हा सराव आजपासून सुरू करता येईल.